पासवर्ड बरोबर, तरी आत जाता येत नाही: लॉगिनच्या पडद्यावर चुकून चालू झालेल्या कीबोर्डच्या सोयींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत शाळांच्या लॅब, पंचायतींची कार्यालयं, दुकानं आणि घरं यांतून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची सुरुवात एकच असते: "काल व्यवस्थित चालत होतं, आज पासवर्डच घेत नाही." बऱ्याचदा कारण असतं अपंगांच्या मदतीसाठी विंडोजमध्ये ठेवलेली आणि चुकून चालू झालेली एखादी सोय. अशा सोयींना ॲक्सेसिबिलिटी म्हणतात. पासवर्ड बदलण्याआधी, नवा कीबोर्ड आणण्याआधी आणि मुख्य म्हणजे संगणक फॉरमॅटला देण्याआधी हे पान वाचा. उत्तरं विंडोज १० आणि ११ धरून दिली आहेत. मॅक आणि उबुंटूसाठी प्र. १६ पाहा.

प्र. १. पासवर्ड नक्की बरोबर आहे, तरी "चुकीचा" म्हणतो. सगळ्यात आधी काय पाहू?

आधी टाइप करणं थांबवा. तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा मारल्याने खातं काही वेळासाठी बंद होऊ शकतं (प्र. १३).

आता चौकट पूर्ण रिकामी करा, पासवर्ड सावकाश टाका आणि चौकटीच्या उजव्या टोकाला दिसणारी डोळ्याची खूण माऊसने दाबून धरा. जेवढा वेळ धराल तेवढा वेळ ठिपक्यांच्या जागी खरी अक्षरं दिसतात. पासवर्ड आधीच भरलेला असेल तर डोळा दिसत नाही, म्हणून रिकाम्या चौकटीपासून सुरुवात करायची. काही कार्यालयांत ही खूण मुद्दाम बंद ठेवलेली असते. तिथे "अदर यूजर" निवडून नावाच्या चौकटीत चार अक्षरं टाइप करून पाहा, ती उघड दिसतात.

काय दिसतं त्यावर पुढची वाट ठरते. नको तिथे कॅपिटल अक्षरं किंवा अंकांच्या जागी चिन्हं आली तर प्र. ३. काहीच उमटत नसेल किंवा बटण धरून ठेवल्यावरच उमटत असेल तर प्र. ४. अक्षरांच्या जागी अंक आले, किंवा अंकांच्या बटणांनी बाण हलायला लागला तर प्र. ६. भलतीच लिपी किंवा भलतीच चिन्हं आली तर प्र. १० आणि ११.

तातडीने आत जायचं असेल तर पडद्याच्या खाली उजव्या कोपऱ्यातली ॲक्सेसिबिलिटीची खूण (विंडोज ११ मध्ये माणसाची छोटी आकृती) दाबा आणि ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडा. माऊसने एकेक अक्षर दाबून पासवर्ड टाकता येतो. त्या चित्रातलं शिफ्ट किंवा कंट्रोल आधीच दाबलेलं दिसत असेल तर दोष कुठे आहे ते तिथेच कळलं.

प्र. २. मी काहीच सेटिंग बदललं नाही. मग हे चालू कसं झालं?

या सोयी ठरावीक बटणं ठरावीक पद्धतीने दाबली की चालू होतात, आणि तेही लॉगिन करण्याआधीच. हे मुद्दाम असं ठेवलं आहे. ज्याला दोन बटणं एकत्र दाबता येत नाहीत, त्याला पासवर्ड टाकण्याआधीच मदत लागते. आत गेल्यावर सेटिंग बदलण्याची मुभा त्याच्या काय कामाची?

चुकून चालू होण्याची कारणं मात्र रोजची आहेत. डावं किंवा उजवं शिफ्ट लागोपाठ ५ वेळा दाबलं की स्टिकी कीज. शिफ्टने पळायचं असतं अशा खेळांत मुलं ते मिनिटात करतात. उजवं शिफ्ट ८ सेकंद दाबलेलं राहिलं की फिल्टर कीज. हे बटण कीबोर्डच्या काठाजवळ असल्यामुळे त्यावर ठेवलेली फाइल, स्कूटरचं हेल्मेट किंवा टेबल पुसताना टेकलेला तळवा एवढं पुरतं. नम लॉक ५ सेकंद धरलं की टॉगल कीज. डावं आल्ट, डावं शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबले की माऊस कीज. त्याच दोन बटणांसोबत प्रिंट स्क्रीन दाबलं की पडदा काळ्या पार्श्वभूमीवर ठळक रंगांत जातो.

बहुतेक वेळा आधी एक छोटी खिडकी येऊन "चालू करायचं का" असं विचारते. आपण मात्र मान खाली घालून टाइप करत असतो. शेवटी मारलेलं एंटर त्या खिडकीतल्या "येस"वर पडतं आणि खिडकी दिसण्याआधीच नाहीशी होते. अशी खिडकी दिसलीच तर एस्केप दाबा.

प्र. ३. स्टिकी कीज चालू आहे हे कसं ओळखू आणि लॉगिनच्याच पडद्यावर बंद कशी करू?

स्टिकी कीज शिफ्ट, कंट्रोल, आल्ट आणि विंडोज बटण "चिकटवून" ठेवते. शिफ्ट एकदा दाबून सोडलं की ते पुढच्या एका बटणाला लागू होतं. लागोपाठ दोनदा दाबलं की कायमचं अडकतं, तिसऱ्यांदा दाबलं की सुटतं. प्रत्येक वेळी बारीक आवाज होतो, पण स्पीकर बंद असेल तर तोही कळत नाही.

घोटाळा होतो तो इथे. कॅप्स लॉक चालू असेल तर लॉगिनचा पडदा तसं लिहून सांगतो. अडकलेल्या शिफ्टबद्दल तो काहीच सांगत नाही. पासवर्डचं पहिलं अक्षर कॅपिटल होतं किंवा सगळा पासवर्डच कॅपिटलमध्ये जातो, अंक चिन्हं होतात, आणि वर ठिपके तेवढेच दिसतात. कंट्रोल अडकलं असेल तर अक्षरं उमटतच नाहीत. त्यामुळे लोक फिल्टर कीजचा संशय घेतात आणि भलत्या दिशेने शोधत बसतात.

बंद करायच्या तीन वाटा आहेत, याच क्रमाने करून पाहा.

पहिली: शिफ्ट दाबून धरा आणि ते धरलेलं असतानाच एखादं अक्षर दाबा. मूळ सेटिंग बदललेलं नसेल तर दोन बटणं एकत्र दाबताच स्टिकी कीज आपोआप बंद होते. चौकटीत आलेलं अक्षर पुसून टाका.

दुसरी: शिफ्ट सावकाश, मोजून ५ वेळा दाबा. मध्ये दुसरं कोणतंही बटण लागू देऊ नका, नाहीतर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

तिसरी: खालच्या कोपऱ्यातल्या ॲक्सेसिबिलिटीच्या खुणेवर जाऊन स्टिकी कीजसमोरची कळ बंद करा. माऊस नसेल तर विंडोज बटण आणि यू एकत्र दाबल्यावर तीच यादी उघडते. मग टॅबने खाली उतरून स्पेस दाबायचा.

रीस्टार्ट केल्यावर त्या वेळी अडकलेलं बटण सुटतं. पण सोय चालूच राहिली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच होईल. म्हणून आधी बंद करा आणि मगच रीस्टार्ट करा.

प्र. ४. बटण दाबलं तरी अक्षर येत नाही. जोरात दाबून धरलं तर कधीतरी येतं. कीबोर्ड गेला का?

बहुधा नाही. ही फिल्टर कीजची खूण आहे. हात थरथरत असल्यामुळे नकळत दाबली जाणारी बटणं गाळणं हे तिचं काम. मूळ मांडणीत एखादं बटण सलग १ सेकंद दाबलेलं असेल तरच ते स्वीकारलं जातं. जोर लावून उपयोग नाही, लागतो तो वेळ. सरावाने भराभर टाइप करणाऱ्याला म्हणूनच कीबोर्ड मेलाय असं वाटतं.

बंद करायला उजवं शिफ्ट ८ सेकंद धरा. साधारण चौथ्या सेकंदाला इशाऱ्याचे आवाज येतात, आठव्याला वेगळा आवाज येतो, त्याच क्षणी बोट उचला. पुढे धरत राहिलात तर तीच सोय आणखी कडक पायरीवर जाते आणि काम वाढतं. आवाज येत नसेल तर घड्याळाच्या काट्याकडे बघून मोजा. डावं शिफ्ट चालत नाही, इथे पुष्कळांची चूक होते. खालच्या कोपऱ्यातल्या यादीतही फिल्टर कीजची कळ आहे.

काहीच जमत नसेल आणि आत जाणं गरजेचं असेल तर पासवर्डचं प्रत्येक बटण साधारण दीड सेकंद धरा आणि सोडा. त्याहून जास्त धरलं तर तेच अक्षर दोनदा येऊ लागतं. आठ अक्षरांच्या पासवर्डला पाव मिनिटही लागत नाही.

प्र. ५. कॅप्स लॉक दाबलं की "पीं" असा आवाज येतो. धोका आहे का?

नाही. ती टॉगल कीज. कॅप्स लॉक, नम लॉक किंवा स्क्रोल लॉक चालू झालं की उंच आवाज, बंद झालं की खालचा. पासवर्डवर काहीही परिणाम नाही. नको असेल तर नम लॉक ५ सेकंद धरा. खरं तर ठेवायलाही हरकत नाही. ज्या कीबोर्डवर कॅप्स लॉकचा दिवा नसतो तिथे हा आवाज उपयोगीच पडतो.

प्र. ६. उजवीकडच्या नंबर पॅडवरून पिन टाकतो, तर अंक येत नाहीत आणि माऊसचा बाण सरकतो.

माऊस कीज चालू आहे. ८ ने बाण वर जातो, २ ने खाली, ५ ने क्लिक होतं. डावं आल्ट, डावं शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबून बंद करा. तोवर पिन वरच्या ओळीतल्या अंकांनी टाका, ते नेहमीसारखे चालतात. बाण हलत नाही आणि अंकही येत नाहीत, असं असेल तर फक्त नम लॉक बंद आहे. ते एकदा दाबा.

याच्या उलट तक्रार जुन्या लहान लॅपटॉपवर येते: अक्षरांच्या जागी अंक. त्यांत जे, के, एल ही बटणं १, २, ३ होतात आणि यू, आय, ओ ही ४, ५, ६. ही ॲक्सेसिबिलिटीची सोय नव्हे, नम लॉकच आहे. एफएन धरून नम लॉक दाबा. त्या बटणांच्या कोपऱ्यांत बारीक अंक छापलेले असतात, त्यावरून खात्री करता येते.

प्र. ७. लॉगिनच्या पडद्यावर संगणक मोठ्याने बोलायला लागला. रंगही बदलले. व्हायरस आहे का?

बोलतोय तो नरेटर. अंध वापरकर्त्यांना पडदा वाचून दाखवण्याची ही विंडोजचीच सोय आहे. विंडोज बटण, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबा, थांबेल. नरेटर चालू असताना कॅप्स लॉक हे त्याचं स्वतःचं बटण होतं, त्यामुळे एकदा दाबून कॅपिटल चालू-बंद होत नाही, पटकन दोनदा दाबावं लागतं. टचस्क्रीनवरही एका स्पर्शाने नुसतं नाव वाचलं जातं आणि दुहेरी स्पर्शानेच बटण दाबलं जातं. "स्क्रीन हँग झाली" म्हणून येणाऱ्या काही तक्रारींचं मूळ हेच असतं.

रंगांसाठी डावं आल्ट, डावं शिफ्ट, प्रिंट स्क्रीन. पडदा प्रचंड मोठा झाला असेल तर तो मॅग्निफायर. विंडोज बटण आणि एस्केप दाबून तो बंद होतो.

प्र. ८. बंद करतो, पण दर दोन दिवसांनी पुन्हा चालू होतं. कायमचा उपाय काय?

सोय बंद करणं आणि तिचा शॉर्टकट बंद करणं ही दोन वेगळी कामं आहेत. लोक पहिलं करतात आणि दुसरं राहून जातं.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड असं जा. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, ईझ ऑफ ॲक्सेस, कीबोर्ड. तिथे स्टिकी कीज, फिल्टर कीज आणि टॉगल कीज यांच्या प्रत्येकाच्या आत "कीबोर्ड शॉर्टकट" अशी वेगळी ओळ आहे, ती बंद करा. आता शिफ्ट पन्नास वेळा दाबलं तरी काही होणार नाही आणि गरज पडली तर सोय सेटिंगमधून कधीही चालू करता येईल. माऊस कीज त्याच गटातल्या माऊसच्या पानावर आहे.

नरेटर किंवा मॅग्निफायर दर वेळी लॉगिनआधीच सुरू होत असेल तर त्यांच्या पानांवर "साइन-इनच्या आधी सुरू करा" अशा अर्थाची ओळ आहे. तिची खूण काढा.

हे सेटिंग प्रत्येक खात्याचं वेगळं असतं. घरात तीन खाती असतील तर तिन्हींत जाऊन करावं लागेल. तरीही लॉगिनच्या पडद्यावर त्रास राहिला तर प्र. ९.

प्र. ९. आत सगळं बंद केलं, पण लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट पाच वेळा दाबलं की खिडकी येतेच. लॅबमधल्या वीस संगणकांवर हे कसं थांबवायचं?

लॉगिनचा पडदा कोणाच्याच खात्याचा नसतो. तो विंडोजच्या स्वतःच्या मूळ खात्याची सेटिंग वाचतो, म्हणून तुमच्या खात्यातला बदल तिथे पोचत नाही.

सोपी वाट: आपल्या खात्यात सगळं हवं तसं लावून घ्या. मग जुन्या कंट्रोल पॅनलमधल्या ईझ ऑफ ॲक्सेस सेंटरमध्ये डाव्या बाजूची साइन-इन सेटिंग्जची ओळ उघडा. ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून तिथे "सर्व सेटिंग्ज साइन-इनच्या पडद्याला लागू करा" या अर्थाचा पर्याय मिळतो.

लॅब सांभाळणाऱ्यांसाठी खात्रीची वाट रेजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यातून जाते. आधी त्या शाखेची एक्सपोर्ट करून प्रत ठेवा. रेजिस्ट्री एडिटरमध्ये यूजर्सची मुख्य शाखा, तिच्यात टिंबाने सुरू होणारी डीफॉल्ट, मग कंट्रोल पॅनल, मग ॲक्सेसिबिलिटी असं उतरा. नावं तिथे रोमन लिपीत दिसतील. स्टिकी कीजमध्ये फ्लॅग्जची मूळ किंमत ५१० असते, ती ५०६ करा. कीबोर्ड रिस्पॉन्स म्हणजे फिल्टर कीज, तिथे १२६ ची १२२ करा. टॉगल कीजमध्ये ६२ ची ५८. टाकताना अर्थातच इंग्रजी अंक वापरा. तिन्हींत ४ चाच फरक आहे, कारण शॉर्टकट चालू ठेवणाऱ्या खुणेची किंमत ४ आहे. रीस्टार्ट करून तपासा. एका संगणकावर नीट झालं की तीच शाखा फाइलमध्ये काढून बाकीच्यांवर चालवता येते.

हे करण्याआधी प्र. १७ जरूर वाचा.

प्र. १०. पासवर्ड देवनागरीत जातोय असं वाटतं. आमच्याकडे मराठी आणि कोकणी दोन्ही कीबोर्ड आहेत.

गोव्यात ही अडचण साहजिक आहे. मराठी इनस्क्रिप्ट, मराठी फोनेटिक, कोकणी देवनागरी आणि इंग्रजी असे चार कीबोर्ड एकाच संगणकावर सर्रास सापडतात. डावं आल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबलं की भाषा बदलते, आणि स्टिकी कीज चालू असताना हे दोन्ही नकळत लागणं सोपं असतं. ठिपके सगळ्या लिप्यांचे सारखेच दिसतात.

लॉगिनच्या पडद्यावर खाली उजवीकडे भाषेची खूण असते. विंडोज बटण धरून स्पेस दाबत गेलं की कीबोर्ड एकामागून एक बदलतात. इंग्रजी आलं की सोडा.

कायमसाठी: सेटिंग्जमधल्या वेळ आणि भाषा या भागातून ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज उघडा. आपल्या खात्यात इंग्रजी पहिली ठेवा आणि "कॉपी सेटिंग्ज" मध्ये वेलकम स्क्रीनसमोर खूण करा. मराठी आतल्या कामासाठी राहते, लॉगिन इंग्रजीत सुरू होतं.

प्र. ११. लॅपटॉप दुबईहून किंवा लिस्बनहून आणलेला आहे. पासवर्डमधलं "ॲट"चं चिन्ह येतच नाही.

बटणावर काय छापलं आहे आणि विंडोजला कोणता कीबोर्ड सांगितला आहे, या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध नसतो. विंडोज फक्त दुसरी पाहते.

पोर्तुगालच्या मांडणीत ॲटचं चिन्ह उजवं आल्ट आणि २ एकत्र दाबून मिळतं. शिफ्ट आणि २ दाबलं तर दुहेरी अवतरणचिन्ह येतं. ब्रिटनच्या मांडणीतही शिफ्ट आणि २ वर अवतरणचिन्ह आहे आणि ॲट एंटरच्या जवळ अवतरणचिन्हाच्या जागी गेलेलं असतं. आखातातून आणलेल्या लॅपटॉपवर अरबी दुसरी भाषा म्हणून असते आणि आल्ट-शिफ्टने ती पुढे येते. उपाय प्र. १० मधलाच: विंडोज बटण आणि स्पेस.

नातेवाइकाने पासवर्ड तिकडच्या मांडणीत ठरवला असेल तर तो त्याच मांडणीत टाकावा लागेल. त्याला फोन करून "कोणतं चिन्ह" एवढंच विचारू नका, "कोणती बटणं दाबत होतास" हेही विचारा.

प्र. १२. पावसाळ्यात कीबोर्ड खरंच अडकतो. सेटिंगचा दोष आणि बटणाचा दोष यांत फरक कसा करू?

मिरगापासून चवथीपर्यंत आपल्याकडची हवा सगळंच सादळवते, आणि किनाऱ्यालगतच्या गावांत तिला खारेपणाची जोड असते. बंद खोलीतल्या कीबोर्डची बटणं जड होतात, खाली गेलेलं शिफ्ट पूर्ण वर येत नाही. संगणकाच्या लेखी ते सतत दाबलेलं असतं. उजवं शिफ्ट असं अडकलं तर फिल्टर कीजही आपोआप चालू होते, म्हणजे दोन दोष एकत्र. एक दुरुस्त केला तरी दुसरा उरतो.

तपासणी अशी. ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडा आणि खऱ्या कीबोर्डवरून हात काढा. चित्रातलं एखादं बटण तरीही उजळलेलं असेल तर खरा कीबोर्ड काढून ठेवा. वायरचा असेल तर यूएसबी उपटा. उजेड गेला तर बटणाचा दोष, राहिला तर सेटिंगचा. लॅपटॉपवर कीबोर्ड उपटता येत नाही. तिथे बाहेरचा जोडून स्टिकी आणि फिल्टर कीज बंद करा आणि मग पाहा. आणखी एक ओळख: शिफ्ट खरोखर अडकलेलं असेल तर लॉगिनच्या पडद्यावरून रीस्टार्ट निवडल्यावर निळा दुरुस्तीचा पडदा उघडतो, कारण शिफ्ट धरून रीस्टार्ट करणं ही त्याचीच चावी आहे. घाबरू नका, "कंटिन्यू" निवडा.

बिनतारी कीबोर्ड असेल तर खणात पाहा. जुन्या कीबोर्डचा छोटा रिसीव्हर संगणकाला तसाच लागलेला आणि तो कीबोर्ड फायलींखाली दाबलेला, हे अनेकदा सापडतं.

साफ करताना संगणक बंद, वायर काढलेली. ९० टक्के किंवा त्याहून जास्त आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन बटणाच्या कडेने फिरवा, बटण वीसेक वेळा दाबा, अर्धा तास वाळू द्या. टेबलावरच्या कीबोर्डचं शिफ्ट उपटताना जपून, खाली तारेचा आधार असतो आणि तो वाकला की बटण तिरकं बसतं. लॅपटॉपची बटणं उपटूच नका, त्यांच्या क्लिपा नाजूक असतात. चहा किंवा शहाळ्याचं पाणी सांडलं असेल तर अल्कोहोल वरवरचं आहे, साखर आतल्या थरात जाते. तिथे कीबोर्ड बदलणंच स्वस्त पडतं. संगणक तांदळात पुरून ठेवू नका, पीठ आत जातं. सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद पिशवीत ठेवणं बरं.

प्र. १३. किती वेळा चुकलं तर खातं बंद होतं?

२२एच२ किंवा पुढच्या आवृत्तीचं विंडोज ११ नव्याने बसवलेलं असेल तर मूळ नियम असा: १० चुकीचे प्रयत्न झाले की १० मिनिटं कुलूप. ती १० मिनिटं खरंच हात न लावता जाऊ द्या. कार्यालयाच्या नेटवर्कवरच्या संगणकांना तिथल्या ॲडमिनने ठरवलेली मर्यादा असते आणि ती बरीच कमी असू शकते. म्हणून आमचा आग्रह: दोनदा चुकलं की तिसऱ्यांदा डोळ्याची खूण दाबून बघूनच टाका.

प्र. १४. पिन टाकताना अचानक "ए१बी२सी३" टाइप करायला सांगतो. हा फसवणुकीचा प्रकार आहे का?

नाही, ही विंडोजचीच पद्धत आहे. पिन अनेकदा चुकला की संगणक विचारतो: समोर माणूस आहे आणि कीबोर्ड बरोबर चालतोय ना? ते अक्षर-अंक इंग्रजीत टाकायचे. एका अर्थाने ही फुकटची चाचणी आहे. ते अक्षर-अंक उघड दिसतात, त्यामुळे कॅपिटल, अंक आणि उशीर यांपैकी काय बिघडलं आहे ते तिथेच समजतं. ते नीट उमटले तर पिनच चुकतोय. पिनच्या जागी "साइन-इन ऑप्शन्स" मधून पासवर्डाने जाऊन पाहा.

प्र. १५. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारावं लागेल. देऊ का?

या पानावरच्या कोणत्याही दोषासाठी फॉरमॅट लागत नाही. एकाहीसाठी नाही. फॉरमॅटमध्ये फोटो, हिशेब, मुलांचे प्रकल्प जातात, आणि कीबोर्ड खरंच अडकला असेल तर नव्या विंडोजमध्येही तोच त्रास उभा राहतो.

आधी दुसऱ्याचा यूएसबी कीबोर्ड अर्ध्या तासासाठी मागून आणा आणि प्र. १, ३, ४ पुन्हा करा. पासवर्ड खरोखर विसरला असेल तरी वाट आहे. मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर तो मोबाइलवरून बदलता येतो. स्थानिक (फक्त त्याच संगणकावरच्या) खात्याला सुरक्षा प्रश्न लावलेले असतील तर चुकीच्या पासवर्डनंतर तिथेच रीसेटचा पर्याय येतो. विंडोज १० मध्ये १८०३ या आवृत्तीपासून तो आहे.

एक सावधगिरी. दुरुस्ती करणारा सेफ मोडमध्ये किंवा डिस्क काढून पाहणार असेल तर बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी किल्ली मागितली जाऊ शकते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून आधी शोधून कागदावर लिहून ठेवा आणि मगच संगणक हातातून सोडा.

प्र. १६. मॅक किंवा उबुंटूवरही हेच होतं का?

होतं, पण कमी. मॅकवर शिफ्ट पाच वेळा दाबून स्टिकी कीज चालू होणं हे आधी सेटिंगमध्ये मान्य केलेलं असेल तरच होतं. ऑप्शन, कमांड आणि एफ५ एकत्र दाबलं की सोयींची यादी येते. टच आयडीचं बटण तीनदा दाबूनही येते. मॅक बोलायला लागला तर कमांड आणि एफ५.

उबुंटूच्या लॉगिन पडद्यावर वरच्या पट्टीत माणसाच्या आकृतीची खूण असते. तिथे स्टिकी कीज आणि स्लो कीजच्या कळा आहेत. स्लो कीज म्हणजे इथल्या फिल्टर कीजचीच बहीण. कीबोर्डची भाषा सुपर आणि स्पेसने बदलते.

प्र. १७. पंचायतीतला किंवा शाळेतला संगणक आहे. या सोयी सगळ्यांसाठी काढूनच टाकाव्यात का?

कृपया तसं करू नका. एक हात चालत नसलेला विद्यार्थी, कंपवात असलेले आजोबा, दाखल्याचा अर्ज भरायला आलेली अंध व्यक्ती यांच्यासाठी याच सोयी म्हणजे स्वतःचं काम स्वतः करता येणं. शॉर्टकट बंद केला (प्र. ८ आणि ९) तरी लॉगिनच्या पडद्यावरची खूण राहते आणि तिथून सोय चालू करता येते. ती खूण लपवण्याच्या युक्त्या सांगणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. मात्र माऊसही वापरता येत नाही आणि दोन बटणंही एकत्र दाबता येत नाहीत, अशा व्यक्तीला शॉर्टकटच सोपा पडतो. असं कोणी नियमित येत असेल तर निदान एका संगणकावर शॉर्टकट चालू ठेवा आणि त्यावर चिठ्ठी लावा: "शिफ्ट ५ वेळा: स्टिकी कीज. उजवं शिफ्ट ८ सेकंद: फिल्टर कीज. बंद करायलाही तेच." काम झाल्यावर पुढच्यासाठी कोणी बंद करायचं तेही ठरवून ठेवा.

प्र. १८. लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट पाच वेळा दाबलं तर स्टिकी कीजची खिडकी येत नाही, काळी कमांडची खिडकी उघडते. हे काय?

हे गंभीर आहे आणि चुकून होत नाही. स्टिकी कीजची खिडकी उघडणारा जो प्रोग्राम विंडोजमध्ये असतो, त्याच्या जागी कोणीतरी कमांड प्रॉम्प्ट ठेवला आहे. त्या खिडकीतून पासवर्डशिवाय कोणत्याही स्थानिक खात्याचा पासवर्ड बदलता येतो. कधी विसरलेला पासवर्ड काढून देताना दुरुस्ती करणाऱ्याने हा मार्ग वापरलेला असतो आणि मूळ फाइल परत ठेवायची राहून जाते. कधी हेतू वाईट असतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. ॲक्सेसिबिलिटीची खूण दाबल्यावर यादीऐवजी काळी खिडकी आली तरीही हाच अर्थ.

संगणकाचं इंटरनेट तोडा. खिडकीत काहीही टाइप न करता ती बंद करा. आत गेल्यावर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून सिस्टीम फाइल चेकर पूर्ण चालवा, तो बदललेली फाइल ओळखून मूळ प्रत ठेवतो. मग रीस्टार्ट करून शिफ्ट पाच वेळा दाबून पाहा. स्टिकी कीजची नेहमीची खिडकी आली तर फाइल परत आली. त्यानंतर खात्यांची यादी उघडा, अनोळखी ॲडमिनिस्ट्रेटर खातं आहे का ते बघा आणि अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी करा. कार्यालयाचा संगणक असेल तर यातलं काहीही स्वतः न करता तो आहे तसा ठेवून ॲडमिनला कळवा. हे सगळं होईपर्यंत त्या संगणकावरून बँकेचा व्यवहार करू नका, आणि त्यावर आधी वापरलेले पासवर्ड दुसऱ्या, खात्रीच्या यंत्रावरून बदलून घ्या.